धवल्यांचा प्रिंटर

प्राप्तीचं लग्न एका रविवारी ठरून गेलं. चौलकडची माणसं आली, चहा-पोहे झाले, मुलगा मुलीला आणि मुलगी मुलाला आवडली, संध्याकाळच्या आत सुपारी फुटलीसुद्धा. प्रिंटर मात्र काही केल्या ठरेना. इंकजेट घ्यायचा की लेझर, यावरून दत्तात्रेयच्या घरात सकाळ-संध्याकाळ अशी काही खलबतं चालली की शेजारच्या गोदूकाकींना वाटलं, यांच्याकडे आणखी एखादं स्थळ चालून आलंय.

लग्नघरात सोनं, कपडे, मांडव, जेवण एवढं सगळं पडलेलं असताना वाद प्रिंटरवरून कशाला, असं कुणीही विचारेल. विचारावंच. त्याचं कारण घराच्या ओट्यावर पाय पसरून बसलेलं असायचं. त्या कारणाचं नाव ठमी.

ठमीआजी म्हणजे दत्तात्रेयची आई, प्राप्तीची आजी आणि गावाची धवलारीण. आगरी लग्नात भटजींच्या आधी धवलारीण लागते. मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला तिचे धवले हवेत. देवांना, पितरांना, सोयऱ्याधायऱ्यांना मांडवात बोलावणारी ही गाणी, एकेक गाणं चांगलं लांबलचक. ठमीआजीला ती सगळी पाठ होती. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई एकदा गायला बसली की पाण्याचा घोट न घेता अख्खी हळद काढायची. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर कंटेनरच्या गाड्या धावायला लागल्या, मिठागरं गेली, गावातल्या पोरांनी ट्रेलर घेतले, हळदीला डीजे आले. पण डीजेवालासुद्धा आजी मांडवात आली की मुकाट बटण बंद करायचा.

आणि मग दिवाळीनंतर आजीच्या घशात गाठ निघाली. साधीच होती, ऑपरेशन नीट झालं, देवाने राखलं. पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं, हळू बोला, गाणं मात्र विसरा. ताण दिलात तर आहे तो आवाजही जाईल.

आजी रडली नाही. घरी आली, ओट्यावर बसली आणि नातीकडे बघत राहिली. मग सुनेला जवळ बोलावून कुजबुजली, "आख्ख्या गावच्या पोरींना हलद लावली गो मी. आता माजे नातीची हलद मुकी जानार."

सुचिता हातातलं काम टाकून तिच्याजवळ बसली.

ही सुचिता, आजीची सून, मूळची माणगावकडची. भातशेतीवाल्या कुणब्यांची लेक. दत्तात्रेयशी लग्न करून ती या गावात आली तेव्हा तिला इथली अर्धी बोली कळत नव्हती. ती 'हळद' म्हणाली की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, कारण इथे सगळ्या 'हलद' म्हणतात. एकदा पाणवठ्यावर हसण्याचा फारच कल्लोळ झाला तेव्हा ठमीने हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, "ती बोलंल तवा गप ऱ्हावा. माजे घरची हाय ती." तेवढ्यावर भागलं. पुढे सुचिताला बीएड करायचं होतं. गावात कुजबुज झाली, पोर तान्ही आणि ही निघाली कॉलेजात. ठमीने तान्ह्या प्राप्तीला कडेवर घेतलं आणि सुनेला म्हणाली, "तू जा. दूध मी पाजतंय, बाटलीनं." आज सुचिता घरी शिकवण्या घेते, गावात तिला बाई म्हणतात, ते सगळं त्या एका कडेवर उभं होतं. सुचिताला ते रोज आठवायचं आणि रोज बोलायचं राहून जायचं. सासू-सुनेत असं 'थँक्यू' कोण म्हणतं?

त्या दिवशी मात्र तिने ठरवलं, नातीची हळद मुकी जाऊ द्यायची नाही. आजीने सांगायचं, आपण लिहून घ्यायचं, मोठ्या अक्षरात छापायचं आणि बायकांच्या हातात द्यायचं. गोदूकाकी आणि बाकीच्या बायका बघून म्हणतील. मोबाईलवरचं बारीक अक्षर त्यांना दिसत नाही, हळदीच्या हातांनी मोबाईल धरायचा तरी कसा?

आधी तिने शिकवणीच्या लॅपटॉपवर टाइप करून उरणला झेरॉक्सच्या दुकानातून पानं छापून आणली. घरी येऊन आजीला वाचून दाखवली. आजीने डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. मधलं एक कडवंच राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ते घातलं, तर आजीला भाकऱ्या भाजताना आठवलं की त्याच्याही आधी खंडोबाला बोलवायचं असतं. पुन्हा उरण. झेरॉक्सवाला शेवटी म्हणाला, "ताई, एकदाच काय ते फायनल करून आणा ना." आता धवले काय फायनल होतात? आजीला जसजसं आठवेल तसतसे ते येणार. तेव्हा प्रिंटर घरातच हवा, एवढ्यावर एकमत झालं आणि तिथून पुढे घराची फाळणी झाली.

दत्तात्रेय लेझरवाला. त्याचे दोन ट्रेलर बंदरात चालतात. "आमच्या यार्डात गेटपास, डिलिव्हरी ऑर्डर, सगळं लेझरवर. खटाखट पानं. रंगीबेरंगी करून काय पूजा घालायची हाय?"

प्राप्ती इंकजेटवाली. "पप्पा, लग्न आहे, कंटेनर सोडवायचा नाहीये. पानावर हळदीचा रंग नको?"

सुचिता मधल्यामधे. इंटरनेटवर वाचायला गेली तर एक जण सांगे लेझरच घ्या, दुसरा सांगे घरासाठी इंकजेटसारखं काही नाही, आणि दोघेही इतक्या खात्रीने सांगत की तिचं डोकं भणभणायला लागलं. शेवटी आजीच म्हणाली, "मना दाखवा. माजे धवले छापनार ना त्यो? मंग मी बगतंय."

म्हणून एका सकाळी सासू-सुना रिक्षा करून उरणला विपुलभाईंच्या दुकानात गेल्या. विपुलभाई गुजराती, दोन पिढ्या उरणात, आजीला लग्नांमुळे ओळखणारे. त्यांनी आधी आजीला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी लावली.

"भाभी, सीधी वात छे," ते म्हणाले. "लेझरमध्ये शाई नाय, पावडर. ती गरम करून कागदावर दाबते. सा महिने बंद ठेवा, चालू केला की पहिलं पान खणखणीत. पाणी पडलं तरी अक्षर जागचं हलणार नाय. पण काळंच. रंगीत लेझर पायजे तर तेवढ्या पैशात तुमचा मांडव उभा राहील."

"आणि इंकजेट?"

"शाई भरा, रंगीत पान काढा, फोटो काढा, मस्त. पण थोडे दिवस बंद ठेवला तर त्याचं तोंड सुकते. त्यात आपली हवा खारी. आणि रंगीत अक्षरावर पाणी पडलं तर पुसणार, ते आधीच सांगतो. पण घरात पाणी कुठून पडणार?"

"घरात कुठलं पाणी," सुचिता म्हणाली.

हळदीच्या गाण्यांसाठी प्रिंटर घ्यायला आलेल्या बाईने हे म्हणावं, आणि धवलारणीने शेजारी बसून ऐकून घ्यावं. आमच्या हळदीत पाण्याचा धुमाकूळ किती असतो हे उरणातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक आहे. पण दोघींच्या डोळ्यांपुढे तेव्हा फक्त गाणाऱ्या बायका होत्या, एका बाजूला शहाण्यासारख्या बसून गाणाऱ्या. अशा बायका आमच्याकडे कुणी पाहिल्यात?

सुचिताने पेन ड्राइव्हवर धवल्याचं एक पान आणलं होतं, प्राप्तीने हौसेने रंगवून दिलेलं. विपुलभाईंनी ते आधी लेझरवर काढून दाखवलं. घर्र झालं आणि पान बाहेर. आजी दचकली. सुनेच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "कवा आला, कवा गेला? यानं काय गायलं ते मना कललंच न्हाय."

मग इंकजेट. तो आधी आतल्या आत कुरकुरला, घसा साफ केल्यासारखा आवाज काढला आणि मग एकेक ओळ, एकेक ओळ, थांबत थांबत कागद पुढे सरकू लागला. आजी खुर्चीत पुढे झुकली. वर हिरव्या रंगाचा मांडव आला, त्याच्याखाली हिरवी अक्षरं आली. आजीने बोट लावलं. "ह्यो मांडवाचा ना?"

"हो आई. तुम्हाला कसं कळलं?"

"हिरवा हाय ना. मंग हलदीचा पिवला कर, तेलाचा तांबडा कर. म्हंजे मना वाचाया नको. मी बोट दावीन, तुमी बोला."

आणि सुचिताचं ठरलं. काळ्या अक्षरांची पानं आजीच्या हातात दिली असती तर तिला ती सगळी सारखीच दिसली असती. आपलीच गाणी हातात, आणि कुठलं कुठलं ते कळत नाही. रंग असले तर आजीला आवाज नसला तरी हळद आजीच चालवेल. लेझर शहाणा होता, टिकाऊ होता, पैशाला परवडणारा होता, हे सगळं सुचिताला कळत होतं. तरी तिने इंकजेटवर बोट ठेवलं. दत्तात्रेयने संध्याकाळी खोकं उघडताना पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "घ्या. आता रंगपंचमी करा."

पहिले काही दिवस मजेत गेले. दुपारी गोदूकाकी आणि आणखी दोघी-तिघी पापड लाटायला यायच्या, आजी भिंतीला टेकून हळू आवाजात सांगायची, सुचिता टाइप करायची, आणि पान निघताना सगळ्या लाटणी थांबवून बघत बसायच्या. प्रिंटर एक ओळ बाहेर टाकायचा, सुचिता ती मोठ्याने वाचायची, आजी मान हलवायची. दुसरी ओळ. मान. पापड तिकडे वाळून कडक.

मग प्रिंटरने रंग दाखवायला सुरुवात केली.

मांडवाचा धवला अर्धा छापून झाला होता. खाडीकडून दमट वारं येत होतं, कागद मऊ पडले होते, प्रिंटरने एकदम दोन कागद ओढले आणि तोंडात धरून बसला. लाल दिवा लुकलुकायला लागला. सुचिताने झाकण उघडलं, तर आजीने तिचा हात धरला.

"उरलेला बोल."

"आई, कागद अडकलाय. काढते, मग पुन्हा छापू."

"त्ये तुजं तू कर. पन आदी धवला पुरा कर. एकदा धरला का मधी सोराचा न्हाय. देव निंगालेत घरून. त्यांना काय रस्त्यात उबं करतेस?"

"अहो, पण हे गाणं नाही, हा कागद आहे."

"तू मोट्यानं वाचलंस ना? मंग धरला."

सुचिताने आठवून आठवून उरलेला धवला म्हटला. म्हटला म्हणजे बोलली, गायली नाही. गाणं आपल्या गळ्यात नाही आणि आपला माणगावी 'ळ' या गाण्यात शोभत नाही, हे तिने फार पूर्वीच स्वतःला सांगून टाकलं होतं. जिथे अडली तिथे गोदूकाकीने पुढची ओळ दिली, काकी अडली तिथे आजीने ओठ हलवून दाखवले. देव सुखरूप मांडवात पोचले. मगच आजीने झाकण उघडू दिलं.

आणि मग ते रोजचंच झालं. कधी वीज गेली, कधी कागद अडकला. मधे कपड्यांच्या खरेदीसाठी तीन-चार दिवस पनवेलच्या खेपा झाल्या तर प्रिंटरचं तोंड सुकलं आणि पानावर अक्षरांऐवजी नुसते पट्टे आले. साफसफाई करावी तर शाई जाते, शाई भरावी तर पिवळी नेमकी संपलेली, कारण हळदीचे धवले सगळ्यात लांब. प्रत्येक वेळी आजीचा तोच हुकूम, उरलेला बोल. सुचिताच्या नाकी नऊ आले. एकदा तर ती चिडून म्हणाली, "आई, ह्यांचं ऐकलं असतं तर सगळं एका दुपारी छापून झालं असतं." आजीने तिच्याकडे शांतपणे बघितलं आणि प्रिंटरकडे बोट केलं. त्याने पुन्हा पान अर्ध्यावर सोडलं होतं.

हळदीच्या दिवशी सकाळीसुद्धा आजीला एक ओळ इकडची तिकडे करावीशी वाटली. पानं प्लास्टिकमध्ये बंद करून आणायची राहिली ती त्यामुळेच. दुपारपर्यंत सगळा गठ्ठा नव्याने छापला, टाचला आणि बायकांना वाटला. हिरवी, तांबडी, पिवळी पानं घेऊन त्या मांडवात बसल्या तेव्हा प्राप्तीने फोटो काढले. फार छान दिसत होत्या, खोटं का बोला.

संध्याकाळी मांडव भरला. डीजेवाल्याला दत्तात्रेयने गप्प बसवलं. प्राप्तीला पाटावर बसवलं, आजी शेजारी खुर्चीत बसली. तिने हिरव्या पानावर बोट ठेवलं, बायकांनी मांडवाचा धवला म्हटला. तांबड्यावर ठेवलं, तेलाचा झाला. सूर थोडा इकडेतिकडे होत होता, पण म्हणत होत्या. आजीचा चेहरा असा खुलला होता की सुचिताला वाटलं, मिळालं, सगळं मिळालं. मग आजीने पिवळ्या पानावर बोट ठेवलं. हळदीचा धवला सुरू झाला.

दोन-तीन कडवी झाली असतील. प्राप्तीच्या मावस-चुलत भावंडांचा धीर सुटला. त्यांनी हळदीचं पाणी कालवून बादल्या तयारच ठेवल्या होत्या. एकाने नवरीवर टाकलं, दुसऱ्याने त्याच्यावर टाकलं आणि तिसऱ्याची अख्खी बादली गाणाऱ्या बायकांवर आली. बायका किंचाळल्या, हसल्या, पोरांना शिव्या घातल्या आणि मग हातातल्या पानांकडे बघून गप्प झाल्या. पानावर काहीही नव्हतं. पिवळं पाणी कोपरावरून ओघळत होतं, तांबडं हिरव्यात गेलं होतं. गोदूकाकीने पान उलटं करून पाहिलं, जसं काही अक्षरं पाठीमागे लपलीत.

धवला थांबला होता. मधेच.

दत्तात्रेयने डीजेवाल्याकडे पाहिलं, आता लाव म्हणावं या विचाराने. आणि ठमीआजी खुर्चीतून उठली. पदर खांद्यावरून ओढून घेतला, मान ताठ केली, जशी ती आयुष्यभर गाण्याआधी करत आली तशी. सुचिताला कळलं, ही आता गाणार. डॉक्टर गेले खड्ड्यात, आवाज गेला तर गेला, पण नातीच्या लग्नाला निघालेले देव ही रस्त्यात उभे ठेवणार नाही. आजीने तोंड उघडलं. सुचिता धावली आणि तिने सासूच्या तोंडावर हात ठेवला. मांडवभर पाहुण्यांसमोर, सासूच्या तोंडावर हात. तिचं तिलाच भान नव्हतं.

"तुम्ही नाही आई," ती म्हणाली. "मी आहे."

आणि तिने उरलेला धवला उचलला.

पहिली ओळ कापऱ्या आवाजात आली. दुसरी जरा बरी. 'हळद' आली आणि ती 'हळद'च आली, माणगावच्या ळ सकट, आणि कुणीही हसलं नाही. तिसऱ्या ओळीला गोदूकाकी आली. मग एकेक करून बाकीच्या, कारण सगळ्यांनाच येत होतं. त्यांनाच ते माहीत नव्हतं. कागद अडकला तेव्हा म्हटलेलं, वीज गेली तेव्हा म्हटलेलं, पट्टे आले तेव्हा वैतागून म्हटलेलं, ते सगळं पोटात जाऊन बसलं होतं. गाता गाता सुचिताला हे उमगलं आणि तिला हसू यायला लागलं, डोळ्यांतून पाणीही. तो खटाखट पानं टाकणारा लेझर आणला असता तर आज हातात न पुसलेली अक्षरं असती आणि त्यांच्याकडे बघून बायका वाचत बसल्या असत्या. त्या अडेलतट्टू इंकजेटला मनातल्या मनात तिने किती शिव्या घातल्या होत्या. आता त्यालाच हळद लावावी असं तिला वाटलं.

धवला शेवटाकडे आला. शेवटी नावं घ्यायची असतात. हळद कुणी लावली, तर नवरीच्या आईने लावली, तिचं नाव. काकीने लावली, तिचं नाव. मावशी, आत्या, मामी. धवलारीण एकेकीला नावाने बोलावते आणि ती बाई पुढे येऊन नवरीला हळद लावते. आजीने ही नावं सुचिताला सांगितली होती, ती अगदी लांबच्या माम्यांसकट. सुचिताचं स्वतःचं नाव गोदूकाकीने घेतलं, बाकीची सुचिता म्हणत गेली, बायका येत गेल्या. शेवटची मामी हळद लावून उठली. सांगितलेली नावं संपली.

आणि तेव्हा सुचिताच्या ध्यानात आलं की यात आजीचं नावच नाही. कसं असेल? गाणारी बाई स्वतःचं नाव घेत नाही. गावातल्या घरोघरच्या लेकीसुनांची नावं या बाईने धवल्यात गायली, स्वतःचं कधी गायलं नाही, आणि दुसरं कुणी गाणारं नव्हतं.

सुचिताने सूर सोडला नाही. पुन्हा तीच ओळ धरली आणि या खेपेला म्हणाली, हळद कोणी लावली गो, ठमी आजीनं लावली.

गोदूकाकीने चमकून पाहिलं. मग तिनेही तीच ओळ म्हटली. मग सगळ्यांनी.

ठमीआजी जागची हलेना. प्राप्तीनेच पाटावरून हात पुढे केला आणि म्हणाली, "आजी, ये ना." तेव्हा आजी पुढे आली, दोन्ही हात हळदीत बुडवले आणि नातीच्या गालांवर ठेवले. किती तरी वेळ ते तिथेच होते. मागे बायका नाव गातच होत्या, कारण थांबायचं कुणाला सुचतच नव्हतं.

नंतर डीजे सुरू झाला, पोरं नाचायला लागली, मटणाच्या पंगती बसल्या. दत्तात्रेय बायकोच्या जवळ येऊन म्हणाला, "बोललेलो ना, लेझर घे म्हणून." सुचिता म्हणाली, "बरं झालं नाही ऐकलं." तो हसला. मग जरा थांबून, दुसरीकडे बघत, म्हणाला, "आयेसाठी केलंस ते लय बरं केलंस." आणि पंगतीत वाढायला निघून गेला.

आजी ओट्यावर आपल्या जागी जाऊन बसली होती. हात तसेच पिवळे, पुसायला तयार नाही. सुचिता तिच्या पायाशी बसली. इतक्या वर्षांत बोलायचं राहून गेलेलं सगळं आज बोलावं असं तिला वाटत होतं, तो पाणवठ्यावरचा हंडा, ती दुधाची बाटली, कडेवरची प्राप्ती. तिने सुरुवातही केली. "आई, तुम्ही होतात म्हणून मी..."

आजीने हळदीचं बोट तिच्या ओठांवर ठेवलं, मघाशी सुनेने तिच्या तोंडावर हात ठेवला होता तसंच. मग वाकली आणि तिच्या कानाशी अगदी हळू म्हणाली, "ऐक ना गो. माजं नाव घेतलंस ना धवल्यात, त्ये येकदा परत घे. मना नीट ऐकाया नाय आलं, मी रडत होती."